बत्तीस बेटांना एकच प्रश्नपत्रिका

दोस्तांनो, आज आपण एका शिडाच्या जहाजावर जाऊ या. त्याचं नाव ‘तारा’. जहाज फ्रेंच, दोन डोलकाठ्यांचं, लांबी ३६ मीटर. म्हणजे तीन-सव्वातीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी! २८ मे २०१६ रोजी ‘तारा’ फ्रान्सहून निघालं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये परत आलं. तेवढ्या काळात त्याने प्रशांत महासागरातल्या ३२ बेटांना भेट दिली. कशासाठी? तिथल्या प्रवाळांची तब्येत तपासायला.

प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, बरं का! ती इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि जणू घरभाडं म्हणून त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पण समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा भाडेकरू घर सोडतो. प्रवाळ पांढरंफटक पडतं, उपाशी राहतं. ‘तारा’ निघालं त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर उथळ पाण्यातली जवळजवळ ३० टक्के प्रवाळं अशीच मेली.

बेट आलं की नांगर पडायचा आणि पाणबुडे छोट्या होडीतून निघायचे. एकट्याने बुडी मारायची नाही, हा पहिला नियम. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. अंगठा वर केला तर ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल.

खाली गेल्यावर तीन ठरलेल्या जाती शोधायच्या. त्यातलं एक अग्निप्रवाळ. हात लागला तर आग आग होते! हातोडी-छिन्नीने छोटासा तुकडा काढायचा आणि क्रमांकाच्या पिशवीत घालायचा. मासेही ठरलेले, दोनच जातींचे. एकाच्या अंगावर जुन्या सिनेमातल्या कैद्यासारखे काळे पट्टे.

सगळीकडे त्याच जाती का? अहो, एका शाळेला गणिताचा पेपर दिला आणि दुसरीला भूगोलाचा, तर हुशार कोण हे कसं ठरवणार? जात एकच असली तरच गरम पाण्यातलं प्रवाळ आणि थंड पाण्यातलं प्रवाळ यांची तुलना होते. उष्णता कोण सोसतं, हे त्यावरूनच शोधायचं.

वर येताना घाई चालत नाही. दाबामुळे नायट्रोजन वायू रक्तात विरघळलेला असतो. झपकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून पाचेक मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

जहाजावर आल्यावर तरी आराम? छे! नमुने नोंदवायचे, काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचे. मला विचाराल तर खरं कठीण काम हेच. चिठ्ठी चुकली की अख्खी बुडी फुकट. मग शिडं वर आणि पुढचं बेट! शास्त्रज्ञ असो की खलाशी, रात्रीचा पहारा आणि भांडी घासणं कुणालाच चुकत नाही.

असे सुमारे ५८ हजार नमुने जमले. २०२३ साली त्यांवरचे बरेच निबंध प्रसिद्ध झाले. पूर्वी साऱ्या पृथ्वीवर जेवढ्या प्रकारचे जिवाणू असतील असा अंदाज होता, जवळजवळ तेवढे एकट्या प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या परिसरातच असावेत, असं त्यातल्या एकात म्हटलंय!