करून राहिलो

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात आलो तेव्हाची गोष्ट. मेसमध्ये शेजारच्याला सहज विचारलं, "काय करून राहिला बे?" टेबलावरची सगळी पोरं हसली. दुष्टपणे नाही हो, पण हसली. पुढची चार वर्षं माझं नावच "राहिला" पडलं. मी काय केलं? महिन्याभरात "करतोय, जेवतोय, येतोय" शिकून घेतलं. अमरावतीचा माणूस तोंडावरून ओळखू येईना, याचा तेव्हा अभिमानसुद्धा वाटला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे जर्मन.

कंपनीने कोलोनला पाठवायचं ठरवलं म्हणून पुण्यात क्लास लावला होता. तिथे पहिल्याच महिन्यात मॅडमनी सांगितलं की जर्मनमध्ये इंग्रजीसारखा चालू वर्तमानकाळ नाही. "मी स्वयंपाक करतो" आणि "मी स्वयंपाक करतोय" दोन्हीला एकच, "इश कोखे". अगदीच गरज पडली तर पुढे "गेराडे", म्हणजे "आत्ता", लावा. मला फार आवडलं. एक काळ कमी, पाठांतर कमी :)

कोलोनला पोचलो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी काहीतरी विचारायला घरमालकीण आजींचं दार वाजवलं. आजी आतूनच ओरडल्या, "इश बिन आम कोखन!"

आम कोखन? हे कुठल्या पुस्तकात आहे? शब्दशः घेतलं तर "मी स्वयंपाकावर आहे" असं काहीतरी. म्हणजे सरळसरळ चालू वर्तमानकाळ! मग लक्ष ठेवलं तर ऑफिसातही तेच. कोणी टेस्टिंग "करण्यावर" आहे, कोणी विचार "करण्यावर" आहे. टीममधल्या एकाला विचारलं तर तो थोडा ओशाळून म्हणाला, "अरे, ते आमच्या इकडचं. तू नको शिकूस, बरोबर नाही ते."

तो ओशाळलेला चेहरा मी ओळखला. मेसमधला माझाच होता तो.

या रूपाला तिथले लोक "ऱ्हाइनची चालू क्रिया" म्हणून ओळखतात. ऱ्हाइन नदीचा भाग आणि शेजारचा रुऱ्ह, तिथली ही खासियत समजली जाते. प्रत्यक्षात ती स्वित्झर्लंडच्या जर्मनमध्येही सर्रास आहे, आणि बोलण्यात तर आता जर्मनीभर पसरली आहे. पण खरी गंमत पुढे आहे. कोलोनहून गाडीने साधारण तासाभरात हॉलंडची हद्द लागते. पलीकडे डच माणूस काय म्हणतो? "इक बेन आन हेट कोकन". तीच रचना, तोच अर्थ! आणि डचमध्ये ती शुद्ध, पाठ्यपुस्तकातली, परीक्षेत मार्क मिळवून देणारी. म्हणजे हद्दीच्या एका बाजूला जे व्याकरण, तेच दुसऱ्या बाजूला गावंढळ. आता मला सांगा, चूक त्या वाक्यात आहे की हद्दीत?

जर्मनांमध्येही शुद्धवाले कमी नाहीत. बास्टियान सिक नावाच्या पत्रकाराचं २००४ साली आलेलं पुस्तक तिथे तुफान खपलं, पुढे त्याचे आणखी भागही निघाले. नावाचा मराठीत अर्थ साधारण "चतुर्थी म्हणजे षष्ठीला तिचं मरण". (उपासाशी संबंध नाही, विभक्तीबद्दल चाललंय.) नाव मुद्दाम त्याच "अशुद्ध" बोलीच्या वळणाने ठेवलंय, हे मात्र मानलं! दुखणं असं की "पावसामुळे" म्हणायला पुस्तकाप्रमाणे "वेगन देस रेगन्स" अशी षष्ठी हवी, आणि बोलताना लोक खुशाल चतुर्थी लावून "वेगन देम रेगन" म्हणतात. मी क्लासमध्ये घोकलेली षष्ठी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी वापरली तर समोरचा म्हणाला, "वा, तू तर वकिलासारखा बोलतोस!" कौतुक होतं का, अजून कळलेलं नाही. २००८ साली एका भाषाशास्त्रज्ञाने सिकना उत्तर देणारं आख्खं पुस्तकही लिहिलं. असो.

आमच्या धंद्यातल्या लोकांना वाटतं व्याकरण म्हणजे कंपायलर. एक सेमिकोलन चुकला की एरर. मलाही तसंच वाटायचं. पण कंपायलरला न कळलेलं वाक्य चालतच नाही, आणि आजींचं वाक्य तर मला, न शिकता, पहिल्या फटक्यात कळलं! मग एरर कसला?

याचा अर्थ कसंही लिहा असं मी म्हणत नाहीये. तोच ओशाळणारा सहकारी क्लायंटला मेल लिहिताना "गेराडे" वापरतो, षष्ठी चोख लावतो. लावायलाच हवी. करारात, परीक्षेत, बातमीत सगळ्यांना एकसारखी कळणारी भाषा लागते, आणि ती शिकायचे कष्ट मीही घेतलेत. माझी तक्रार फक्त त्या हसण्याबद्दल आहे. "करून राहिलो" म्हणजे हिंदीची लागण, असं मला पुण्यात अनेकदा ऐकवलं गेलं. असेलही. १९५६ पर्यंत आम्ही हिंदीवाल्या मध्य प्रांताबरोबर एका राज्यात होतो, शेजाऱ्याकडून विरजण येणारच. पण हे ऐकवणारे स्वतः अर्ज करतात, हजर राहतात आणि फिर्याद देतात, ते शब्द फारसी-अरबीतून आलेत. ते मात्र घरचे झाले!

आणि एक सांगायचं राहिलं. पुण्यात सवय लागल्यावर मी घरी फोनवरही "करतोय"च म्हणायला लागलो होतो. आई कधी काही बोलली नाही. पण हळूहळू तीच माझ्याशी जरा जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली होती. मला ते कळायला दहा वर्षं आणि एक जर्मन आजी लागली.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "काय करतो आहेस?"

"भात लावून राहिलो."

ती दोन सेकंद गप्पच. मग म्हणाली, "पाणी जास्त नको टाकू बरं. मागल्या वेळी लगदा करून ठेवला होता तू."