आधी बोलला, म्हणून आधी मारला?

काय मुलांनो, सुट्टीत पत्ते कुटले की नाही? आमच्या घरी यंदा भरपूर कुटले. पण ते आपले नेहमीचे पत्ते नव्हते हं! त्यात राजा-राणी नव्हते, हुकूम नव्हता, बदाम सात नव्हतं. हे पत्ते होते चक्क रक्तपिशाच्चांचे. आणि त्यांच्या पायी तुमच्या या बाईंनी असा एक निकाल दिला, की शेजारची एक मुलगी चार दिवस आमच्याकडे फिरकली नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. ती कशी झाली ते आज सांगते, कारण हा खेळ खेळणाऱ्यांची भांडणं नेमकी याच जागी होतात.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’. तो तयार केला अमेरिकेतल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी. हे गृहस्थ गणितात डॉक्टरेट मिळवलेले, आणि १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ काढून त्यांनी जगभरच्या मुलांना वेड लावलं होतं. व्हॅम्पायरांचा खेळ त्यानंतर एका वर्षाने, १९९४ मध्ये, ‘जिहाद’ या नावाने आला. १९९५ मध्ये ते नाव बदलून आत्ताचं ठेवलं. २०१० मध्ये नवे पत्ते छापणं थांबलं, तरी खेळणारे काही थांबले नाहीत, आणि २०१८ पासून ‘ब्लॅक चँट्री’ नावाची संस्था ते पुन्हा काढू लागली. माझ्या मामेभावाने अमेरिकेहून येताना असे पत्ते भरलेला एक डबा आणला आणि माझ्या आठवीतल्या भाच्याच्या हवाली केला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मग काय, "मावशी शिक्षिका आहे, तीच पंच!"

या खेळात प्रत्येकजण आपापला संच स्वतः जमवतो. एका गठ्ठ्यात निदान १२ व्हॅम्पायर, दुसऱ्या गठ्ठ्यात ६० ते ९० इतर पत्ते: शस्त्रं, युक्त्या, डावपेच. प्रत्येकाला सुरुवातीला ३० गुण मिळतात. डाव्या हाताला बसलेला तो तुमचं भक्ष्य, उजव्या हाताचा तुमचा शिकारी. म्हणजे एकीकडे पुढच्याला पळवायचं आणि दुसरीकडे मागच्यापासून पळायचं! तुमचा व्हॅम्पायर भक्ष्याचे गुण कमी करायला निघतो. भक्ष्याचा व्हॅम्पायर त्याला आडवा आला आणि अडवण्यात यशस्वी झाला, तर गुण काही कमी होत नाहीत. त्याऐवजी दोघांची लढाई जुंपते. (लपून निसटण्याचे आणि पकडण्याचे नियम वेगळे आहेत, ते आज नकोत.)

आता आमच्या कॅरम बोर्डाकडे या. चौघेजण चार बाजूंना. भाच्याच्या डाव्या हाताला शेजारची मुलगी, सातवीतली, कमी बोलणारी. भाच्याचा व्हॅम्पायर निघाला, तिच्याने अडवला. भाच्याच्या व्हॅम्पायरच्या अंगात ताकद २, म्हणजे त्याच्या ठोशाने दोन जखमा होणार. तिच्या व्हॅम्पायरकडे ‘.४४ मॅग्नम’ नावाचं पिस्तूल, त्याच्याही दोनच जखमा. आणि दोन्ही व्हॅम्पायरांपाशी रक्ताचा एकेकच मणी उरलेला. (आम्ही मण्यांऐवजी चिंचोके घेतले होते.)

भाचा म्हणाला, "ठोसा!" मुलगी म्हणाली, "गोळी."

मी पुस्तकात पाहिलं. लिहिलं होतं, की जो चाल करून आला त्याने आपला वार आधी सांगायचा. झालं! मी निकाल दिला: "याने आधी सांगितलं, म्हणजे याचा ठोसा आधी बसला. तुझा व्हॅम्पायर आडवा झाला. आडवा झालेला गोळी कशी मारणार?" भाच्याने टाळ्या पिटल्या. मुलीने पत्त्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, "मला गृहपाठ आहे" म्हणाली आणि उठून गेली. सुट्टीत कसला आलाय गृहपाठ! पण मला तेव्हा ते सुचलं नाही. मी पापड तळायला गेले.

रात्री मात्र चैन पडेना. पुस्तक घेऊन बसले आणि पुढच्याच परिच्छेदात माझी चूक सापडली. वार *सांगायचा* क्रम आहे, वार *बसायचा* नाही! आधी चाल करून आलेला सांगतो, मग अडवणारा सांगतो, आणि नंतर दोन्ही वार एकाच वेळी बसतात. परीक्षेत कसं, प्रश्नपत्रिका पहिल्या बाकाला आधी मिळते आणि शेवटच्याला नंतर, पण घंटा सगळ्यांची एकच. तसंच हे.

आणि याचा पुरावा त्याच पुस्तकात होता बरं का. त्यात ‘फर्स्ट स्ट्राइक’ म्हणून एक वेगळा शब्द आहे. काही पत्त्यांवर तो छापलेला असतो. असा वार खरोखर आधी बसतो, आणि त्याने समोरचा आडवा झाला तर त्याचा वार होतच नाही. आता तुम्हीच विचार करा. प्रत्येक पहिला बोललेला वार आधी बसत असता, तर ‘फर्स्ट स्ट्राइक’ वेगळा सांगायची गरजच काय होती? हे मला दुपारी का सुचलं नाही, याचं अजून नवल वाटतं.

उलट नीट पाहिलं, तर आधी बोलण्यात थोडा तोटाच आहे. समोरच्याला तुमचा वार ऐकून मग आपला ठरवता येतो. तुम्ही मोठा ठोसा जाहीर केलात, तर तो ‘डॉज’ म्हणेल, म्हणजे चुकवेल. चुकवणं हासुद्धा एक वारच धरला जातो, त्यामुळे त्या वेळी तो तुम्हाला मारत नाही, पण तुमचंही त्याला लागत नाही. किंवा तो ‘मॅजेस्टी’सारखा पत्ता टाकेल. त्याचा अर्थ, लढाई समाप्त! हा ‘लढाई समाप्त’ प्रकार सगळ्यांच्या आधी लागू होतो, अगदी ‘फर्स्ट स्ट्राइक’च्याही आधी, आणि तो ‘डॉज’ने चुकवता येत नाही.

"मग त्याला रोखायचं कसं?" असं भाच्याने विचारलंच. रोखायचं ते वार सांगायच्या आधी. अंतर ठरल्यावर आणि वार निवडायच्या आधी एक छोटासा टप्पा असतो. त्यात ‘इमॉर्टल ग्रॅपल’ नावाचा पत्ता टाकता येतो. अगदी मराठीत सांगायचं तर कवेत घट्ट आवळून धरणं! मग त्या फेरीत हाताच्या माराशिवाय दुसरा वार करता येत नाही. पिस्तूल नाही, डॉज नाही, मॅजेस्टी नाही. पण तो जवळच्या अंतरावरच चालतो.

आता हे अंतर म्हणजे काय? लढाईची सुरुवातच तिथून होते. काही कोणी केलं नाही, तर दोघे जवळ आहेत असं धरायचं. कोणी ‘मनूव्हर’ वापरला, तर अंतर लांबचं होतं. दुसऱ्याने त्यावर मनूव्हर वापरला, तर पुन्हा जवळचं. यातही चाल करून आलेल्याला आधी विचारायचं, मग दुसऱ्याला, आणि दोघेही "पुरे" म्हणेपर्यंत हे चालतं. लांबून ठोसा पोचत नाही. पिस्तुलाची गोळी मात्र जवळूनही लागते आणि लांबूनही. एवढं वाचल्यावर मी ‘.४४ मॅग्नम’चा पत्ता हातात घेतला, चष्मा लावला, आणि कपाळावर हात मारला. दोन जखमा या आकड्यापुढे लिहिलेलं होतं: प्रत्येक लढाईत एक मनूव्हर, हवा असल्यास. मुलीने तो वापरला असता तर तिचा व्हॅम्पायर लांब सरकला असता, भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ठोसा हवेतच राहिला असता! तिने ती ओळ वाचली नव्हती. आणि पंच म्हणवणाऱ्या मीही वाचली नव्हती.

रक्ताचा हिशेबही सांगून टाकते, कारण तिथेही पोरं हटकून चुकतात. जखम झाली की व्हॅम्पायर एक मणी रक्त खर्चून ती भरून काढतो. दोन मणी आणि दोन जखमा असतील, तर दोन्ही भरून निघाल्या, रक्त शून्य झालं, पण व्हॅम्पायर उभाच आहे! शून्य म्हणजे मेला असं नाही. फक्त आपल्या पाळीत त्याला आधी शिकार करून रक्त मिळवावं लागतं. भरून काढायला रक्तच उरलं नाही अशी एकजरी जखम राहिली, तर तो ‘टॉर्पर’मध्ये म्हणजे मूर्च्छेत जातो. काही वार मात्र जास्त वाईट असतात, उदाहरणार्थ नखांचे. ती जखम रक्ताने भरून येत नाही. पाच मणी असलेला व्हॅम्पायरही अशा एका जखमेने पाचही मण्यांसकट आडवा होतो, आणि त्यापुढच्या अशा प्रत्येक जखमेला एकेक मणी जाळला नाही, तर तो कायमचा संपतो. वार झाल्यावर कोणाला आणखी झुंजायचं असेल तर ‘प्रेस’ म्हणायचं, मग नवी फेरी. दुसरा ‘प्रेस’नेच ते रद्द करू शकतो. कोणीच काही म्हणालं नाही तर लढाई संपली. आणि पत्त्यावर एक आणि पुस्तकात दुसरं लिहिलेलं असलं, तर पत्त्याचं खरं मानायचं.

आईबाबांनी हे वाचताना भुवया उंचावल्या असतील, याची मला कल्पना आहे. रक्त काय, पिस्तूल काय, मुलांच्या हातात हे कशाला? मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं. डब्यातली काही चित्रं मी बाजूला काढून ठेवली, ती लहानांसाठी नव्हतीच. प्राथमिक वर्गातल्या मुलांना हा खेळ देऊ नये असंच माझं मत आहे. पण सातवी-आठवीतली पोरं दोन तास एका इंग्रजी वाक्यावर वाद घालताना पाहिली, तेव्हा वर्गात मला हे कधी जमलं होतं ते आठवेना.

असो. तर आता माझ्यापुढे प्रश्न होता, चुकीचं काय करायचं? डाव अजून मोडलेला नव्हता. मुलगी उठून गेल्यावर भाच्याने कॅरम बोर्ड तसाच उचलून पलंगाखाली सरकवला होता, चिंचोक्यांसकट. चौथ्या दिवशी मी स्वतः तिच्या घरी गेले. तिच्या आईसमोरच सांगितलं, "तुझं बरोबर होतं. दोन्ही वार एकदम बसतात. मी चुकीचा निकाल दिला." ती काही बोलली नाही. चपला मात्र घातल्या.

बोर्ड बाहेर निघाला. मी म्हटलं, लढाई पुन्हा करू. मुलगी लगेच म्हणाली, "मग मी मनूव्हर करणार." (म्हणजे घरी बसून तिने आठवून आठवून तो पत्ता वाचला होता तर!) भाचा उसळला. "हे रडीचं आहे! त्या दिवशी तू अंतराचं काही म्हणाली नव्हतीस." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पुन्हा पंचाची पाळी, आणि या खेपेला मी घाई केली नाही. भाच्याचं म्हणणं खरं होतं. माझी चूक वार बसण्यापुरती होती. अंतर ठरवताना तिला कोणी अडवलं नव्हतं, तिचा तो हक्क तिने वापरला नव्हता. मी सांगितलं, अंतर जवळचंच राहील. ठोसा आणि गोळी एकदम.

तिने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मग हिशेब झाला. दोघांना दोन दोन जखमा. दोघांनी आपापला एकुलता एक चिंचोका देऊन एक जखम भरली. एक एक उरली. दोन्ही व्हॅम्पायर मूर्च्छेत! भाच्याने आपला पत्ता स्वतःच बाजूला सरकवला, जरा तोंड वाकडं करून, पण सरकवला. मूर्च्छेतून उठायला दोन मणी लागतात आणि दोघांकडे शून्य, तेव्हा दुसऱ्या कोणी येऊन सोडवल्याशिवाय सुटका नाही. भाच्याकडे तसा आणखी एक व्हॅम्पायर होता. तिच्याकडे नव्हता. तो डाव ती हरलीच.

लगेच दुसरा मांडला. तिसऱ्या-चौथ्या पाळीला तिच्या हाती पुन्हा तेच पिस्तूल आलं. तिने तो पत्ता माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही या ओळीवर बोट ठेवूनच बसा."