रिकाम्या पहाऱ्याचें मोल

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर वर्तमानपत्र चाळतां चाळतां आमच्या पुतण्यानें विचारलें, “काका, लढाई नसतांना नौदलाच्या गस्ती नौका वर्षानुवर्षें समुद्रावर फेऱ्या घालतात, तें इंधन व्यर्थच जळत नाहीं काय?” प्रश्न सरळ होता. उत्तरादाखल आम्हीं त्यास एका नौकेची हकीकत सांगितली. तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

नौकेचें नांव ‘सुमित्रा’. तिची बांधणी गोवा शिपयार्डच्या वास्को येथील गोदींत झाली आणि ४ सप्टेंबर २०१४ रोजीं चेन्नई येथें ती नौदलांत दाखल झाली. लांबी सुमारें १०५ मीटर, वेग ताशीं सुमारें २५ सागरी मैल. ‘सरयू’, ‘सुनयना’ व ‘सुमेधा’ या तिच्या थोरल्या बहिणी. यांतील ‘सरयू’ हें नांव मूळचें एका जुन्या गस्ती नौकेचें. ती नौका २००० सालीं श्रीलंकेस देण्यांत आली व तेथें ‘सयुरा’ या नांवानें नांदूं लागली. लेकीचें नांव सासरीं पालटावें आणि तिचें जुनें नांव माहेरीं भाचीस ठेवावें, तशांतलाच हा प्रकार!

मोठ्या युद्धनौकेच्या मानानें हिचीं शस्त्रें थोडीं. पुढें ७६ मिलिमीटरची एक तोफ, शिवाय दोन लहान तोफा, आणि मागें हेलिकॉप्टर उतरण्यापुरती जागा. नेमून दिलेल्या टापूंत दिवसच्या दिवस फिरावें, व्यापारी जहाजांच्या वाटेवर नजर ठेवावी, चांच्यांस धाक असावा, हा तिचा नित्यक्रम. बहुतेक दिवसांच्या नोंदींत सांगण्याजोगें कांहींच नसतें.

असाच एक पहारा १८२० च्या नव्हे, आपल्याच काळांतील, म्हणजे मार्च २०१५ मधील. ‘सुमित्रा’ एडनच्या आखातांत चांच्यांविरुद्ध गस्त घालीत होती. इतक्यांत येमेनमध्यें युद्ध भडकलें, विमानांच्या वाटा बंद झाल्या आणि कामधंद्यानिमित्त तेथें गेलेले आपले हजारों लोक अडकून पडले. ३१ मार्च रोजीं, शहरांत गोळीबार चालू असतां, ही नौका एडनच्या बंदरांत शिरली आणि ३४९ भारतीयांस घेऊन जिबुतीस निघाली. त्यांत १०१ स्त्रिया व २८ मुलें होतीं. जिबुतीहून वायुदलाच्या विमानांनीं त्यांस मायदेशीं आणलें. नौकेचे अधिपति कमांडर मिलिंद मोकाशी यांस पुढें शौर्यचक्र देण्यांत आलें.

आतां विचार करा. ही नौका त्या दिवशीं चेन्नईच्या बंदरांत उभी असती, तर एडन गांठण्यास कित्येक दिवस लागले असते. ती वेळेवर पोहोंचली, कारण ती आधींपासून त्याच पाण्यांत होती. कांहीं न घडणारे ते दिवसच त्या एका दिवशीं कामास आले. पुढें जानेवारी २०२४ अखेरीसही असेंच झालें. सोमाली चांच्यांनीं पकडलेल्या दोन इराणी मासेमारी नौका ‘सुमित्रा’नें लागोपाठ सोडविल्या. एकीवर १७ इराणी खलाशी होते, दुसरीवर १९ पाकिस्तानी. सोडवितांना कोणी कोणाचें राष्ट्र विचारलें नाहीं.

नांवही कसें समर्पक! सुमित्रेचा पुत्र लक्ष्मण चौदा वर्षें पहाऱ्यावर जागला. त्यांतील बहुतेक रात्री कांहींच घडलें नसेल. तेवढ्यानें तो पहारा व्यर्थ ठरला, असें कोणी म्हणत नाहीं.

पुतण्या कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि काका, त्या नौकेवरच्या माणसांच्या घरीं?”

इंधनाचा हिशेब सरकारदप्तरीं सांपडेल. सणावारीं त्यांच्या घरीं जो एक पाट रिकामा राहतो, त्याचा हिशेब मात्र त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.