भूकंप नेपाळात, भूकंपग्रस्त आपल्या फाटकावर

परदेशात भूकंप झाला की आपल्याकडे पहिली धाव जुन्या कपड्यांकडे जाते. गाठोडी बांधली, फोटो निघाला, कर्तव्य संपले. वास्तविक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारी-सास्तूर पाहिलेल्या मराठी माणसाला तरी हे सांगावे लागू नये की, अशा वेळी पाणी, ताडपत्री, औषधे आणि हातात रोख पैसा यांची गरज आधी असते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे गेली, लाखो घरे कोसळली. मदतीच्या विमानांनी काठमांडूची एकुलती एक धावपट्टी इतकी खिळखिळी झाली की, मे महिन्याच्या सुरुवातीस मोठी विमाने उतरवणे थांबवावे लागले. नको असलेला माल पाठवणे म्हणजे हव्या असलेल्या मालाची वाट अडवणे.

म्हणून पैसा पाठवावा, हे ठीकच. पण आम्हाला आज दुसऱ्याच मदतीबद्दल बोलायचे आहे.

चंदीगडच्या किशनगडलगतचे आयटी पार्क घ्या. काचेच्या इमारती, आत संगणकावर काम करणारे आपले तरुण सभासद, त्यांत मराठी मुलेमुलीही. बाहेर फाटकावर पहारेकरी, कँटीनमध्ये आचारी. त्यांतले कितीतरी नेपाळचे. (मुंबई-पुण्यात आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो, नाव विचारण्याची तसदी घेत नाही.) ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुम हादरले, दीडशेहून अधिक माणसे गेली, हजारो कुटुंबांनी हिवाळा ताडपत्रीखाली काढला. हा पोट भरण्यासाठी भारतात येणाऱ्यांचाच मुलूख. अशा रात्री आत मदतनिधीची पेटी फिरत असते आणि ज्याचे घर पडले तो बाहेर फाटक उघडत उभा असतो!

त्याला काय हवे असते? सीमेपर्यंतचे बसभाडे, पुढे डोंगरातला प्रवास, आणि परतल्यावर जागा शिल्लक असेल याची खात्री. कंत्राटदाराकडे नेमकी तीच नसते. रजा मागितली की बदली माणूस उभा राहतो.

येथे संघटनेचे काम सुरू होते. एक महिन्याची भरपगारी रजा, बिनव्याजी उचल आणि जागा राखल्याचे लेखी पत्र, एवढे तरी मिळालेच पाहिजे. ‘तो आमचा नव्हे, कंत्राटदाराचा माणूस’ हे कंपनीचे उत्तर आम्हाला मान्य नाही. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यायचे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. वेतनाची जबाबदारी त्याची, तर संकटातल्या रजेची का नाही?

पैसे घरी पाठवताना दलालाकडे जाऊ नये, हेही त्यांना सांगा. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ योजनेत, बँकेत खाते नसले तरी एका वेळी ५० हजार रुपयांपर्यंत रोख भरून नेपाळात पाठवता येतात. फॉर्म भरायला सोबत जा. अर्धा तास लागेल.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू. किती युनियनांच्या सभासद-यादीत फाटकावरच्या माणसाचे नाव आहे? ते आधी लिहून घ्या, गाव आणि जिल्ह्यासह. पुढच्या मागणीपत्रात परदेशी सहकाऱ्यांच्या आपत्ती-रजेचे कलम घाला. भूकंप झाल्यावर मागणीपत्र लिहायला बसलो तर तोवर त्याच्या जागी दुसरा आलेला असेल.