मुखपृष्ठ, देश आणि ‘अभिरुची’ नावाची पळवाट

एकाच कादंबरीची निरनिराळ्या देशांतील मुखपृष्ठे शेजारी शेजारी मांडायची आणि त्यांतून त्या त्या देशाच्या अभिरुचीविषयी निष्कर्ष काढायचे, हा प्रकार अभ्यासाच्या नावाखाली रूढ होऊ पाहत आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या, इंग्रजी ग्रंथव्यवहारात ‘यंग ॲडल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्या या खेळाला विशेष सोयीच्या ठरतात. कारण त्या अनेक देशांत जवळजवळ एकाच वेळी निघतात आणि दर ठिकाणी त्यांचे रूप पालटते. ब्रिटिश मुखपृष्ठ संयत, अमेरिकी भडक, ऑस्ट्रेलियन मोकळे, अशी विशेषणे वाटून झाली की तुलना संपते. ही तुलना दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ज्याने निर्णय घेतला त्याला ती दृष्टीआड करते आणि ज्याला कोणी विचारलेलेच नव्हते त्या ‘देशा’च्या माथी निर्णयाची जबाबदारी मारते.

मुखपृष्ठाच्या संदर्भात ‘देश’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न प्रथम उपस्थित करायला हवा. जे. के. रोलिंग यांची पहिली हॅरी पॉटर कादंबरी 1997 मध्ये ब्लूम्सबरीने लंडनहून प्रसिद्ध केली, तेव्हा टॉमस टेलर यांच्या चित्रात आगगाडीच्या लाल इंजिनाशेजारी उभा असलेला हॅरी होता. 1998 मध्ये स्कोलास्टिकने अमेरिकी आवृत्ती काढली, तेव्हा शीर्षकातला ‘फिलॉसॉफर’ जाऊन ‘सॉर्सरर’ आला आणि मेरी ग्रांप्रे यांच्या चित्रात हॅरी झाडूवर स्वार झाला. दोन राष्ट्रांच्या स्वभावभेदाचे उदाहरण म्हणून ही जोडी उभी करता येते. परंतु त्याच 1998 साली, त्याच ब्लूम्सबरीने प्रौढांसाठी याच कादंबरीची वेगळी आवृत्ती काढली आणि तिच्यावर वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल छायाचित्र छापले. संहिता तीच, देश तोच, प्रकाशकही तोच. मुखपृष्ठ मात्र दुसरे. मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी 2003 मध्ये ब्रिटनमध्येच प्रौढांसाठी जोनाथन केपने आणि मुलांसाठी डेव्हिड फिकलिंग बुक्सने अशी एकाच वेळी दोन रूपांत काढली. मुखपृष्ठ हा राष्ट्रीय अभिरुचीचा आविष्कार मानला, तर एका राष्ट्राला एकाच वर्षी दोन अभिरुची होत्या असे मानावे लागेल. वस्तुस्थिती साधी आहे : विक्रेत्याने दोन प्रकारचे ग्राहक कल्पिले होते.

या ‘देशा’च्या सीमाही नकाशावरच्या नसतात, हक्कांच्या करारातल्या असतात. ब्रिटिश आणि अमेरिकी प्रकाशकांनी इंग्रजी ग्रंथांची जागतिक बाजारपेठ आपसांत वाटून घेतली होती. राष्ट्रकुलातील देश ब्रिटिश प्रकाशकांकडे ठेवणारा 1947 चा करार अमेरिकी शासनाच्या मक्तेदारीविरोधी कारवाईमुळे 1976 मध्ये संपुष्टात आला. परंतु एकेका पुस्तकाचे हक्क प्रदेशवार विकण्याची पद्धत पुढेही चालूच राहिली. पुण्यातल्या किंवा मडगावच्या मुलाच्या हाती हॅरी पॉटरची अमेरिकी नव्हे, तर ब्लूम्सबरीची आवृत्ती पडली, ती भारतीय अभिरुची ब्रिटिश अभिरुचीशी जुळते म्हणून नव्हे. भारत कोणाच्या विक्रीक्षेत्रात येतो हे त्या मुलाच्या जन्माआधीच रूढ होऊन गेले होते. ज्या वाचकाला निवड नव्हती त्याची ‘आवड’ मुखपृष्ठावरून ओळखू पाहणे, हे समीक्षेचे काम असू शकत नाही.

या पळवाटेची किंमत कोण मोजतो हे पाहायचे, तर जस्टीन लार्बालेस्टिअर यांच्या ‘लायर’ या 2009 च्या कादंबरीकडे वळावे लागते. तिची निवेदिका मायका ही कृष्णवर्णीय पित्याची आणि गोऱ्या आईची मुलगी आहे. तिचे केस आखूड, दाट कुरळे आहेत आणि ती मुलगा म्हणूनही खपून जाते. ऑस्ट्रेलियन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर केवळ शीर्षकाची अक्षरे होती. ब्लूम्सबरीच्या अमेरिकी शाखेने मात्र आगाऊ प्रतींवर लांब, सरळ केसांच्या गोऱ्या मुलीचे छायाचित्र छापले. त्यावर आक्षेप घेतले गेले, तेव्हा प्रकाशकाच्या बाजूने जे समर्थन झाले ते समीक्षकांनी काळजीपूर्वक तपासावे असे आहे. निवेदिका सराईत खोटारडी असल्यामुळे स्वतःच्या वर्णाविषयी तरी ती खरे सांगत असेल कशावरून, असा त्याचा आशय होता.

येथे बाजाराने समीक्षेची परिभाषाच उसनी घेतली. वेन बूथ यांनी 1961 मध्ये ‘अविश्वसनीय निवेदका’ची संकल्पना मांडली. निवेदकावर अविश्वास ठेवण्याचे कारण संहितेच्या अंतर्गत मूल्यव्यवस्थेतून, म्हणजेच संहितेत अध्याहृत असलेल्या लेखकाशी निवेदकाच्या होणाऱ्या विसंवादातून मिळावे लागते, हे तिच्या मुळाशी आहे. विक्री विभागाने निवडलेले छायाचित्र हा असा पुरावा होऊ शकत नाही. मायकाच्या वर्णाविषयीच शंका घ्यायची, तर तिच्या कथनात काहीच स्थिर उरत नाही आणि खोटे-खरे पारखण्याचा कादंबरीचा सारा डाव कोसळतो, हे लेखिकेने जाहीरपणे सांगितले. कृष्णवर्णीय चेहऱ्याची पुस्तके खपत नाहीत, हे ग्रंथव्यवहारात आपल्याला वारंवार ऐकवले गेल्याचेही तिने नोंदवले. म्हणजे संदिग्धतेचे तत्त्वज्ञान नंतर सुचले; हिशेब आधी झाला होता. प्रकाशनापूर्वीच मुखपृष्ठ बदलून कृष्णवर्णीय मुलीचे छायाचित्र आले. परंतु जानेवारी 2010 मध्ये जॅक्लिन डोलामोर यांच्या ‘मॅजिक अंडर ग्लास’ या कादंबरीवरून त्याच प्रकाशनसंस्थेला पुन्हा माघार घ्यावी लागली. सावळ्या नायिकेच्या जागी गोरी मुलगी तिथेही अवतरली होती.

अभिरुचीवादी तुलना या प्रकरणातून काय काढील? अमेरिका वर्णद्वेष्टी, ऑस्ट्रेलिया उदार, एवढेच. परंतु ऑस्ट्रेलियन मुखपृष्ठाने चेहराच दाखवला नाही. जी परीक्षा दिली नाही तिच्यात उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कोणाला देता येत नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा इतिहास तर या वाटणीला सरळच छेद देतो. 1968 च्या अमेरिकी पहिल्या आवृत्तीवर रूथ रॉबिन्स यांनी गेड हा नायक संहितेनुसार तांबूस-तपकिरी वर्णाचाच रंगवला होता. पुढे ब्रिटिश आवृत्तीवर तो फिकट झाला आणि अमेरिकेतही नंतरच्या काळात गोरा होत गेला. याविषयी लेखिकेने दीर्घकाळ तक्रार केली. उदार आवृत्ती येथे अमेरिकेची आहे, आणि तीही पहिली. देश तोच राहिला. ग्राहकाविषयीचे गृहीत बदलले.

सिद्धान्ताच्या बाजूनेही थोडी झाडाझडती आवश्यक आहे. जेरार जेनेत यांनी 1987 च्या ‘स्यइ’ या ग्रंथात मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना यांना संहितेचे उंबरठे मानले आणि त्यांच्या अभ्यासाला प्रतिष्ठा दिली. मात्र उंबरठा घराच्या सेवेसाठीच असतो, लेखकाच्या हेतूशी तो इमानी असतो, हे त्यांचे गृहीत ‘लायर’च्या प्रकरणात टिकत नाही. येथे उंबरठ्यानेच घरात कोण राहते याविषयी खोटी साक्ष दिली. मराठी समीक्षेला याकडे तिऱ्हाइताप्रमाणे पाहता येणार नाही. परीक्षणाच्या अखेरीस ‘मुखपृष्ठ समर्पक आहे’ असे एक वाक्य लिहून मोकळे होण्याची आपल्याकडची प्रथा आणि मुखपृष्ठांतून देशोदेशींचे स्वभाव वाचण्याची हौस, या एकाच आळसाच्या दोन बाजू आहेत. समर्पक कशाला, कोणाच्या दृष्टीने आणि कोणाच्या निर्णयाने, हे दोन्हीकडे विचारले जात नाही.

मुखपृष्ठांची तुलना करूच नये असा याचा अर्थ नव्हे. ती करताना मुखपृष्ठ आधी संहितेशी ताडून पाहावे, मग त्याच देशातील त्याच कादंबरीच्या इतर आवृत्त्यांशी, आणि त्यानंतर परदेशी मुखपृष्ठांशी. शिवाय हक्क कोणाकडे होते, अंतिम शब्द कोणाचा होता आणि कोणता वाचक गृहीत धरला वा वगळला गेला, हे प्रत्येक टप्प्यावर नोंदवावे. कुमारवयीन वाचकाच्या बाबतीत ही शिस्त अधिक निकडीची आहे. कारण पुस्तकांतील माणसांत आपण मोडतो की नाही, हे तो याच वयात ठरवत असतो. मायकासारख्या मुलीला कादंबरीने जागा दिली होती. ती हिरावून घेण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते मोजकेच लोक होते. ‘देशाची अभिरुची’ असे म्हणताक्षणी समीक्षक त्यांना निर्दोष सोडून देतो.