स्तंभाला सलामी, विधवेला रांग

परवा आपल्याच एका अभ्यासवर्गात मी विषय काढला. म्हटलं, जिल्ह्या-जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं. आपल्या वस्त्यांतल्या माजी सैनिकांचं, त्यांच्या विधवांचं तिथं काय होतं ते एकदा बघू या. तर चार साथी हसले. एक जण चांगला शिकलेला, मार्क्स पाठ असलेला. तो म्हणाला, "लष्कर हे सत्ताधारी वर्गाचं हत्यार आहे. त्याच्या पेन्शनीचा हिशेब आपण कशाला ठेवायचा?" टाळ्या पडल्या. मीसुद्धा मान हलवली. मॅट्रिक पास माणूस मोठ्या शब्दापुढं आधी मान हलवतो, विचार नंतर करतो.

विचार रात्रपाळीला आला. गोदीच्या गेटवर वॉचमन उभा होता. सतरा वर्षं फौजेत शिपाईगिरी केलेला माणूस. आता अंगावर कंत्राटदाराचा गणवेश आणि बारा तासांची ड्यूटी. आम्ही पाठीवर माल वाहतो, तो पायावर रात्र काढतो. चहा एकाच किटलीतला. त्याला बघितलं आणि मला माझी चुलती आठवली. हा लेख त्या टाळ्यांना उत्तर म्हणून लिहितोय. ज्याला झोंबेल त्याला झोंबू दे.

माझा चुलता महार रेजिमेंटमध्ये होता. पंधरा वर्षं भरून पेन्शनीवर आला आणि म्हातारपणी खोकून खोकून मेला. पेन्शन चुलतीच्या नावावर व्हायची होती. ती कशी झाली नाही ते ऐका.

लग्नात आपल्याकडं बाईचं नाव बदलतात. नवऱ्याचं आडनाव तर लावतातच, पण आईबापानं ठेवलेलं नावही पुसून टाकतात. चुलत्यानं फौजेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव लिहून दिलं होतं. आधारवर सासरचं नाव. जन्मसाल तिसरंच. सरकारच्या लेखी माझी एक चुलती दोन बायका झाली, आणि दोघींतली एकही त्याची विधवा ठरेना.

गावापासून दोन एसट्या बदलून जिल्ह्याचं ठिकाण. तिथं ते कार्यालय. मी तिच्याबरोबर पहिल्या खेपेला गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "रेजिमेंट?"

चुलती म्हणाली, "म्हार रेजिमेंट."

त्यानं मान वर केली. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "समाजकल्याणचं ऑफिस पलीकडच्या इमारतीत."

मित्रांनो, हा माणूस शिवी देत नव्हता. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. त्याला खरंच वाटलं की बाई चुकून इथं आली. ‘महार’ हा शब्द कानावर पडला की पुढचा ‘रेजिमेंट’ हा शब्द त्याला ऐकूच आला नाही. खरं तर त्या रेजिमेंटमध्ये आज नाना जातींची पोरं आहेत. पण खिडकीतला माणूस नाव ऐकतो आणि नावाबरोबर जात ऐकतो. आपला माणूस सैनिक म्हणून मरतो, आणि त्याची बायको महारीण म्हणून रांगेत उभी राहते.

मी भांडायला लागलो. चुलतीनं माझा दंड धरला. पिशवीतून डिस्चार्ज बुक काढून खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, "सायेब, ह्ये बघा. ह्यो समाजकल्याणानं नाय दिला."

मग कागद सुरू झाले. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करा. दोन्ही नावांची बाई एकच असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात द्या. ग्रामसेवकाचा दाखला आणा. जोडप्याचा फोटो आणा. जोडप्याचा फोटो! ज्या घरात माणूस मेल्यावर फोटो सापडला नाही म्हणून आधारकार्डावरचा मोठा करून भिंतीला लावला, तिथं जोडप्याचा फोटो. सात खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तिची एका दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. कागद पुढं गेला की एका अक्षरासाठी मागं यायचा. चुलती मला म्हणाली, "आरं, त्येंचं नाव तर बरोबर हाय न्हवं? मग माझं नाव कुनी इचारून बदाललं हुतं का?"

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहितो. त्याच कार्यालयात एक कल्याण संघटक होता, म्हातारा निवृत्त नायब सुभेदार. त्यानं चुलतीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अख्खा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. त्याची जात मी विचारली नाही. असा एक माणूस असेल तर कार्यालय चालतं आणि तो रजेवर असला की बंद पडतं. पण विधवेचं पोट कोणाच्या चांगुलपणावर टांगलेलं का असावं? मला दया नको, नियम पाहिजे.

आता त्या हसणाऱ्या साथीसाठी थोडा इतिहास.

१ जानेवारीला आपण लाखोंनी भीमा-कोरेगावला जातो. स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. शेवटी ‘नाक’ लागलेली ती नावं आपली, हे आपण पोरांना बोट दाखवून सांगतो. सांगावंच. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथं गेले ते उगाच नाही. पण त्या शिपायांच्या मागून जे आलं ते आपण सांगत नाही. ते म्हणजे पेन्शन.

गावगाड्यात महाराचं पोट कोणाच्या हातात होतं? पाटलाच्या. बलुतं देणार तो, तोडणार तो. मेलेलं ढोर ओढ, सांगावा घेऊन पळ, वेशीवर राख. तोंड उघडलं की भाकर बंद. अशा गावात एक माणूस फौजेतून परत येतो आणि त्याच्या घरात दर महिन्याला रोख पैसा येतो. तो पैसा पाटलाच्या हातातून येत नाही. म्हणजे पाटलाला तो बंदही करता येत नाही. साथी, बलुत्याबाहेरचा हा पैसा होता म्हणून आमच्यातला कोणी तरी पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

गोपाळबाबा वलंगकर कोण होते? महाडजवळच्या रावढूळचे, १८८६ मध्ये निवृत्त झालेले फौजी. पेन्शन घेऊन दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. सुभेदार रामजी कोण होते? लष्करी शाळेचे हेडमास्तर. पेन्शन घेऊन आधी दापोलीला, मग साताऱ्याला आले. छावणीच्या आत हा माणूस हेडमास्तर. छावणीबाहेर साताऱ्याच्या शाळेत त्याच्या भीमाला गोणपाटावर बसावं लागलं, आणि तो गोणपाट रोज घरी न्यावा लागला. तरीही पोरगं शाळेतून निघालं नाही, कारण घरात गावावर न अवलंबणारी भाकर होती. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात कोकणातले पेन्शनर सैनिक पुढं होते. चवदार तळ्यावर गेलेल्या पायांत ते पायही होते.

इंग्रज आमचा मावसभाऊ नव्हता. त्याला स्वस्तात मरणारी माणसं पाहिजे होती. गरज सरली तेव्हा १८९२ च्या सुमारास त्यानं आमची भरती बंद केली. म्हणे आम्ही ‘लढाऊ जमात’ नाही! कोरेगावच्या दगडावर आमची नावं त्यानंच कोरली होती. ही बंदी उठावी म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडं अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडली.

हे साल लक्षात ठेवा. कारण आजच्या सैनिक कल्याण कार्यालयांचं मूळ त्याच काळात आहे. युद्धात सरकारनं भरतीसाठी बोर्ड काढलं होतं. १९१९ मध्ये त्याच्या जागी इंडियन सोल्जर्स बोर्ड आलं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड हा त्याचाच वारस. म्हणजे कल्याणाचा जन्मच भरतीच्या पोटी. घरी आलेला शिपाई खूश दिसला तर शेजारचं पोरगं भरती होईल, हा त्यातला हिशेब. आणि बोर्ड निघून दोन वर्षं होतात न होतात तोच आमची पलटण घरी पाठवली. पुढं बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती कोणी भीक म्हणून दिली नाही.

आता आजचं बघू. ७ डिसेंबर हा ध्वजदिन. १९४९ पासून चालू आहे. शाळेतल्या पोरांच्या छातीला कागदी झेंडे टोचतात, डबे फिरवतात. जिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट असतं. उद्दिष्ट पूर्ण झालं की कलेक्टरचा हार घातलेला फोटो छापून येतो. या निधीतून माजी सैनिकाला मदत मिळते. त्यातल्या एका मदतीचं नाव ऐका: पेन्युरी ग्रँट. मराठीत कंगालपणाचं अनुदान. हवालदार किंवा त्याखालचा हुद्दा पाहिजे, पेन्शन नसली पाहिजे, वय ६५ च्या वर पाहिजे. महिना ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाले. वाढले ते चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण ज्यानं सरहद्दीवर बर्फ खाल्लं त्यानं म्हातारपणी आपण कंगाल असल्याचा दाखला घेऊन यायचं, आणि त्याला मिळणार काय, तर डब्यात पडलेल्या चिल्लरीतला वाटा! रणगाड्याचा खर्च कधी डबा फिरवून काढलाय का? तोफ विकत घेताना शाळेतल्या पोरांच्या छातीला टाचण्या टोचल्यात का? शस्त्राला बजेट आणि माणसाला वर्गणी, असा हा देशभक्तांचा हिशेब आहे.

आणि आता तर दारच बंद करायला निघालेत. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली. साडेसतरा वर्षांचं पोरगं घ्यायचं, चार वर्षं वापरायचं, शंभरातली जास्तीत जास्त पंचवीस ठेवायची आणि बाकीची घरी पाठवायची. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिकांची दवाखान्याची योजना नाही. कँटीन नाही. माजी सैनिक हा दर्जासुद्धा नाही. हातात एकदाच ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, त्यातलं निम्मं मुद्दल त्याच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापलेलं. ड्यूटीवर मेला तर ४८ लाखांचा विमा आहे. पण कायम शिपायाच्या विधवेला मिळते तशी आयुष्यभराची फॅमिली पेन्शन योजनेच्या अटींत नाही. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली, तिची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. मग हे पोरगं त्या खिडकीपुढं उभं राहिलं तर क्लार्क त्याला काय सांगणार? समाजकल्याणसुद्धा सांगता येणार नाही.

पोलीस दलांत राखीव जागांच्या घोषणा झाल्या. कंत्राटदारांनाही आनंद झाला असेल. गेटवर उभं करायला शिस्तीतली पोरं मिळणार, तीही पंचविशीच्या आत.

ज्या महिन्याच्या पैशातून वलंगकर उभे राहिले, ज्याच्या आधारानं सुभेदाराचं पोर शिकलं, तो पैसा इथं तोडला जातोय. पाटील गेले असं कोण म्हणतो? घरी परतलेल्या अग्निवीराला जमीन नसेल तर तो कोणाच्या दारात उभा राहणार? त्याच वाड्यात, त्याच कारखानदाराकडं, त्याच कंत्राटदाराकडं. म्हणून साथी, पेन्शन हा लष्कराचा प्रश्न नाही. तो गावगाड्यातून सुटण्याचा प्रश्न आहे. तुझं हत्याराबद्दलचं वाक्य खरं असेल. पण हत्यार धरणारा हात आपल्या वस्तीतून जातो, कारण त्याच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, ओळख नाही. तो हात तुटून परत आला की तू म्हणणार, हा माझा विषय नाही? मग तुझ्यात आणि खिडकीतल्या क्लार्कमध्ये फरक काय? त्यानं चुलतीला पलीकडच्या इमारतीत पाठवलं. तू तर तिला इमारतसुद्धा दाखवली नाहीस.

आपल्या मागण्या सरळ आहेत. अग्निवीर हा माजी सैनिक आहे, तसं कागदावर लिहा. मदत वर्गणीतून नको, अर्थसंकल्पातून द्या आणि हक्क म्हणून द्या. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक ठरलेला दिवस कार्यालय बसवा, म्हातारीला दोन एसट्या बदलायला लावू नका. बाईच्या नावातला फरक ही सरकारी कागदाची चूक आहे. ती कार्यालयानं आपल्या खर्चानं, मुदतीत दुरुस्त करावी. स्टँपपेपर आणि जाहिरात तिच्या माथी मारू नये.

आणि थोडं आपल्यालाही. प्रत्येक शाखेनं रविवारी एक टेबल टाकावं. टेबल, एक पेन, दोन लिहिता येणारी पोरं. वस्तीतले माजी सैनिक किती, विधवा किती, कोणाचा कागद कुठं अडकलाय, याची वही करावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसं बँकेत हेलपाटे घालतात, त्यांच्याबरोबर जावं. खिडकीपुढं एकटी बाई उभी राहिली की तिला पलीकडची इमारत दाखवतात. वीस जण उभे राहिले की खुर्ची निघते. हे मी गोदीत शिकलोय. एकट्या हमालाची हजेरी मुकादम खातो, टोळीची खात नाही.

येत्या १ जानेवारीला मी कोरेगावला जाणार आहे. चुलतीही येणार आहे. तिच्या पिशवीत डिस्चार्ज बुक असेल. ती ते घरी ठेवत नाही, कोण कुठं मागेल याचा भरवसा नाही म्हणते. आठव्या खेपेची तारीख त्यानंतरची आहे. स्तंभाला सलामी देणाऱ्यांपैकी कोणाला त्या तारखेला आमच्याबरोबर यायचं असेल त्यानं मला कळवावं. भाषण नको. रांगेत उभं राहायचं आहे.

जय भीम.