वयाचें आहे म्हणे!

वृद्ध माणसाचे ओठ हालूं लागले कीं "वयाचें आहे" असें म्हणून मोकळें होणें, हा विद्येचा आळस होय. भाषेच्या अध्यापकांस असें बोलण्याचा अधिकार कोणीं दिला, असें विचारणाऱ्यांस आमचें उत्तर पुढील हकीगतींत आहे.

जळगांवच्या आमच्या एका स्नेह्यांच्या आईस झोप येईना, छातींत धडधडे. धुळ्याच्या एका डॉक्टरांनीं मेलिट्रासेन व फ्लुपेंटिक्झॉल यांची जोडगोळी दिली. आराम पडला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पंधरा दिवसांची चिठ्ठी चार वर्षें चालली. दुकानदारानें विचारलें नाहीं, घरच्यांनींहि नाहीं. मग बाई कांहीं न खातां चघळूं लागल्या, जीभ आपोआप बाहेर येऊं लागली. शेजारणींनीं बाहेरची बाधा ठरविली, डॉक्टरांनीं वय ठरविलें. दोन्ही निदानांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं!

या जोडींतील मेलिट्रासेन तेवढें उदासीनतेवरचें औषध; फ्लुपेंटिक्झॉल हें चित्तभ्रमावरचें. तें मेंदूंतील डोपामिनचें कार्य अडवितें, आणि शरीराच्या हालचालींचा तोल तर त्याच डोपामिनवर. म्हणून कंप, ताठरपणा, आणि दीर्घकाळानें ओठ-जिभेचे हे चाळे. औषध थांबविल्यावरहि ते कधीं कधीं राहतात. संसदेच्या आरोग्यविषयक समितीनें मे २०१२ च्या अहवालांत या मिश्रणावर बोट ठेविलें: जन्मभूमि डेन्मार्कमध्येंच त्याच्या विक्रीस मुभा नव्हती. जून २०१३ मध्यें केंद्र सरकारनें बंदी घातली. ती टिकली नाहीं. "अर्ध्या मिलिग्रॅमचें काय भय?" असें कैवारी विचारतात. त्या अर्ध्या मिलिग्रॅमला चार वर्षांच्या दिवसांनीं गुणावें, एवढेंच आमचें म्हणणें.

निव्वळ उदासीनतेवरचीं औषधेंहि सर्वस्वीं निर्दोष नाहींत. फ्लुओक्सेटीन १९८७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. १९८९ मध्यें त्यानें येणाऱ्या एका अस्वस्थतेची नोंद झाली. रोग्यास एका जागीं बसवत नाहीं, पाय सारखे हालवावेसे वाटतात. तो म्हणतो, "जीव घाबरा होतो". डॉक्टर समजतात रोग वाढला, आणि मात्रा वाढवितात! खरा अनर्थ तो हाच.

यावरून कोणीं गोळ्या गिरणेंत फेकूं नयेत. एकाएकीं सोडल्यास निराळेंच दुखणें उपटतें, आणि उदासीनता प्राणहि घेते. आमची तक्रार मौनाविषयीं आहे. "हातपाय, तोंड वेगळें हालूं लागलें तर लगेच या," एवढें अहिराणींत सांगावयास किती वेळ लागतो?

त्या माउलीची गोळी आतां हळूहळू कमी करून बंद झाली आहे. ओठ अजून हालतात. चिठ्ठी इंग्रजींत, म्हणून स्नेह्यांनीं ती पहिल्याच आठवड्यांत आम्हांस दाखविली होती. औषधांचीं नांवें शुद्ध लिहिलीं आहेत, एवढेंच तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.